३०० मिली तांदूळ

ओट्यावर नायलॉनचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, मोजपेला आणि ताटात वाडा कोलम. डोंबिवली पूर्वेच्या या दोन खोल्यांच्या घरात दुपारचे चार वाजले आहेत. ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी करणारी सव्वीस वर्षांची मुलगी पेल्याने तांदूळ मोजून मोज्यात ओतते, घट्ट गाठ मारते, वरचं टोक कापते. मग दुसरा मोजा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते आहे.

"आधी अडीचशेच भर ना गं," ती म्हणते. "तीनशे तुझ्या खांद्यांना शोभेल, पण पाठीला झेपेल का?"

दोन्ही गोळे स्पोर्ट्‌स ब्रामध्ये बसवून मुलगी आरशासमोर उभी राहते. आधी समोरून, मग कडेने. आज ती असंच घालून कामाला जाणार आहे. डोंबिवली ते ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी, लेडीज डबा. सर्जननी तिला सांगितलंय की आठवडाभर वापरून बघ. जिना चढ, गाडी पकड, वाकून चप्पल घाल. १ मिलिलिटर म्हणजे १ सीसी, आणि इम्प्लांटचं माप सीसीतच सांगतात. तांदूळ सिलिकॉनपेक्षा थोडा हलका आणि बराच कडक. तरी किती जागा व्यापली जाईल, कपडे कसे बसतील, याचा अंदाज त्यातून येतो.

संपादकांनी या अंकासाठी 'निवड' हा विषय दिला तेव्हा मला ज्या निवडीकडे कोणी गंभीरपणे बघत नाही अशा निवडीबद्दल लिहायचं होतं. ट्रान्स स्त्रीने स्तनांची शस्त्रक्रिया करायची ठरवली की लोक एकतर हौस म्हणून सोडून देतात, नाहीतर हळहळतात. त्यामागचं मोजमाप, हिशेब आणि जागून काढलेल्या रात्री कोणाच्या नजरेस पडत नाहीत. मुंबई-ठाण्यात या निर्णयातून गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या बायकांशी, त्यांच्या घरच्यांशी, डॉक्टरांशी बोलल्यावर माझं मत असं झालं की आकार ठरवणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ती पुढची पंधरा-वीस वर्षं. शरीरात बसवलेल्या वस्तूची देखभाल कोण करणार, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न आज जवळजवळ सगळाच्या सगळा तिच्या एकटीवर टाकलेला आहे.

हार्मोननं दिलं तेवढं

बहुतेकींची सुरुवात गोळ्यांपासून होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली असेल तर इस्ट्रॅडिऑल, सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध आणि दर काही महिन्यांनी रक्ततपासणी. पण वस्तीत राहणाऱ्या अनेकींनी डॉक्टर गाठण्याच्या कितीतरी आधी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणलेली असतात. एका गोळीऐवजी तीन-चार गोळ्या, कारण स्तन लवकर यायला हवेत. या गोळ्यांमधलं एथिनिल इस्ट्रॅडिऑल रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढवतं. त्यातून पायात किंवा फुप्फुसात गुठळी अडकली तर जिवावर बेतू शकतं. आणि गोळ्या वाढवल्या म्हणून स्तन काही जास्त वाढत नाहीत.

ते येतात त्यांच्या गतीने. आधी स्तनाग्राखाली सुपारीएवढी दुखरी गाठ. कुशीवर झोपलं तरी कळ येते, गर्दीत कोणाचं कोपर लागलं तर डोळ्यांत पाणी येतं. डोंबिवलीची मुलगी सांगत होती की ती कळ आली त्या आठवड्यात ती कारण नसताना दोनदा रडली, आनंदाने. मग महिनोन्‌महिने काही होत नाही असं वाटतं, आणि खरंच फारसं होत नाही. युरोपातल्या २२९ ट्रान्स स्त्रियांची मापं घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर हार्मोन घेतल्यानंतरही त्यांपैकी जवळपास निम्म्या जणींचा कप ट्रिपल-एच्याही आत होता आणि झालेली वाढ मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांतली होती. पुढची दोनेक वर्षं थोडीथोडी भर पडत राहते.

म्हणूनच जाणकार सर्जन घाई करू देत नाहीत. किमान वर्षभर हार्मोन, जमलं तर दोन वर्षं, मग शस्त्रक्रियेचं बोलू, असं सांगतात. यामागचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. हार्मोनमुळे स्वतःची ऊती जितकी तयार होते तितकं इम्प्लांटवर पांघरूण मिळतं, त्वचा थोडी सैल होते आणि स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ वाढतं. काहींना तर दोन वर्षांनी जे आलंय तेच पुरेसं वाटतं आणि शस्त्रक्रियेचा विचार तिथेच मिटतो.

कप नव्हे, सेंटीमीटर

मध्य मुंबईतल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंच्या खोलीत टेबलावर एक खोका असतो. त्यात वेगवेगळ्या मापांचे नमुने. हातात घेतले की दाबले जातात आणि सोडले की पुन्हा पूर्ववत होतात. समोर बसलेली मुलगी नाशिकहून आली आहे, सोबत तिची गुरू, म्हणजे तृतीयपंथी घराण्यातली तिची वडीलधारी. गुरूंनीच विषयाला हात घातला: "डॉक्टर, पोरीला डी कप पायजे. साडीत उठून दिसलं पायजे."

सर्जन बाईंनी हसून मान हलवली. "मावशी, मी कप देत नाही. तिची छाती किती घेते ते बघून सीसी ठरवते." आणि त्यांनी ड्रॉवरमधून कॅलिपर काढला.

पुढची वीसेक मिनिटं त्यांनी जे केलं ते मी बारकाईने पाहिलं. उरोस्थीच्या वरच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर. दोन स्तनाग्रांमधलं अंतर. स्तनाची बैठक किती रुंद आहे ते. स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं अंतर, आधी त्वचा सैल सोडून, मग ताणून. शेवटी त्वचा आणि चरबी चिमटीत पकडून तिची जाडी. प्रत्येक आकडा त्या मोठ्याने म्हणायच्या आणि मुलगी स्वतःच्या वहीत लिहून घ्यायची, कारण बाईंनी तिला तसंच सांगितलं होतं.

वयात येताना टेस्टोस्टेरॉनने घडवलेला छातीचा पिंजरा रुंद असतो. त्यावरचा पेक्टोरल स्नायू जाड असतो, स्तनाग्रं लहान आणि बाहेरच्या बाजूला असतात, स्तनाग्र ते घडी हे अंतर कमी असतं आणि त्वचा ताठ असते. या दोन वाक्यांत ट्रान्स स्त्रियांच्या शस्त्रक्रियेतल्या बहुतेक अडचणी आल्या. रुंद छातीवर अरुंद इम्प्लांट बसवला तर मध्ये मोठी मोकळी जागा राहते. ती बुजवायला दोन्ही इम्प्लांट जवळ आणले तर स्तनाग्रं आणखी बाहेर बघू लागतात. खूप रुंद घेतला तर तो काखेत टोचतो आणि हात खाली सोडला की दंडाला लागतो. शिवाय तेच ३०० सीसी दोन तऱ्हांनी मिळतात, एकतर रुंद बैठकीवर पसरट किंवा अरुंद बैठकीवर पुढे आलेले. त्यामुळे मैत्रिणीने ३५० घेतले म्हणून आपणही ३५० घ्यायचे, या हिशेबाला काही अर्थ नसतो. तिची छाती वेगळी, हिची वेगळी.

नाशिकच्या मुलीला बाईंनी स्पष्ट सांगितलं: "तुझी खालची घडी मला थोडी खाली घ्यावी लागेल. जास्त मोठं टाकलं तर जुनी घडी वरून तशीच दिसत राहते, एकाखाली एक दोन गोल दिसतात. ते नीट करायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. तुझी त्वचा आज जेवढं घेईल तेवढंच घेऊ."

गुरूंचा चेहरा पडला. मुलीचा नाही. तिने वहीत एक रेघ मारली आणि विचारलं, "मग लोकांना दिसणार तरी का?"

"ब्लाऊजमध्ये दिसणार. टी-शर्टमध्ये दिसणार. आणि तुला स्वतःला दिसणार."

या खोलीतून बाहेर पडल्यावर एक गोष्ट मला टोचत राहिली. याच सर्जनकडे याच शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या, जन्मतः स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या बाईला मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणावं लागत नाही. ट्रान्स स्त्रीला लागतं. ट्रान्स आरोग्यसेवेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची २०२२ साली आलेली आठवी आवृत्ती एकाच तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानते. पण जिल्ह्याच्या गावातून येणाऱ्या मुलीला ट्रान्स व्यक्तींशी सरळ बोलणारा तज्ज्ञ शोधायला, त्याच्या दोन-तीन भेटींचे पैसे भरायला आणि प्रत्येक भेटीत आपण कोण आहोत हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला महिने जातात. समुपदेशनाची गरज मी नाकारत नाही. चांगला समुपदेशक असेल तर तो मोठा आधारच असतो. पण एकीला स्वतःच्या शरीराबद्दल जाणती मानायचं आणि दुसरीकडून तसा दाखला मागायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

स्नायूवर की स्नायूखाली

इम्प्लांट स्नायूच्या वर, म्हणजे स्तनाच्या ऊतीखाली ठेवता येतो किंवा स्नायूखाली सरकवता येतो. तिसरा मार्ग मधला, वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ऊतीखाली. अंगावर फारशी चरबी नसलेल्या मुलीत स्नायूवर ठेवलेल्या इम्प्लांटची कड हाताला लागते, कधी डोळ्यांनाही दिसते. स्नायूखाली ठेवला तर पहिले दिवस जास्त दुखतं, आणि ज्यांचा स्नायू जाड आहे त्यांनी हात दाबला की इम्प्लांट हलताना दिसतो. ज्या मुली पूर्वी व्यायामशाळेत जात होत्या, घरच्यांच्या समाधानासाठी 'पुरुषासारखं' शरीर कमावत होत्या, त्यांना हा त्रास जास्त होतो. त्यांच्यापैकी एकीने मला सांगितलं की शस्त्रक्रियेच्या आधी वर्षभर तिने छातीचे व्यायाम पूर्ण बंद केले होते.

चीर कुठे द्यायची तेही ठरवावं लागतं. स्तनाग्राच्या वर्तुळाच्या कडेने दिली तर व्रण लपतो, पण ट्रान्स स्त्रियांचं वर्तुळ बहुधा इतकं लहान असतं की सिलिकॉनचा भरलेला इम्प्लांट तिथून आत जात नाही. काखेतून जातो, पण घडीवर नेमका ताबा राहत नाही. म्हणून बहुतेक जणी स्तनाखालच्या घडीत चीर घेतात.

आणि मग पृष्ठभाग, गुळगुळीत की खरबरीत. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. सिलिकॉन जेलचा पहिला इम्प्लांट अमेरिकेत ह्यूस्टनला १९६२ साली बसवला गेला. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, सुरक्षिततेच्या शंकेमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, त्यांच्या वापरावर कडक बंधनं घातली आणि ती २००६ मध्ये उठवली. २०१० मध्ये फ्रान्सची पीआयपी ही कंपनी उद्योगात वापरायचं सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरत असल्याचं उघड झालं आणि जगभरच्या हजारो बायकांना ते काढून घ्यावे लागले. २०१९ च्या जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीने आपले बायोसेल जातीचे खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत बोलावले. इम्प्लांटभोवती तयार होणाऱ्या आवरणात उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी त्यांचा संबंध दिसून आला होता. आज सावध सर्जन गुळगुळीत किंवा अगदी सूक्ष्म पोताचेच वापरतात. भारतात अमेरिकन मेंटर, कोस्टा रिकात बनणारे मोटिव्हा आणि इतर काही आयात होतात.

हा इतिहास मला गुगलवर वाचता आला असता. त्याचा अर्थ मला मालवणीत समजला.

कार्ड नसलेली छाती

मालाडच्या मालवणीतल्या तृतीयपंथीयांच्या एका डेऱ्याच्या गुरू आता पन्नाशीत आहेत. हाताखाली अनेक चेले, नातचेले. घरात शिरताना सगळ्या 'पाया पडते माय' म्हणतात. त्यांनी २००८ साली इम्प्लांट टाकून घेतले. लग्न-बारशांत आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या बधाईतून साठवलेले पैसे, भिशीचा एक नंबर आणि एका चेल्याने गहाण ठेवलेली साखळी. ज्या खासगी दवाखान्यात झालं तो केव्हाच बंद पडला. डॉक्टर कुठे गेले ते कोणाला माहीत नाही.

"मला कागद एकच दिला होता, पैशाची पावती," त्या म्हणाल्या. "ती पण पावसात गेली."

प्रत्येक इम्प्लांटसोबत उत्पादकाचं कार्ड येतं, त्यावर कंपनी, जात, आकार आणि अनुक्रमांक असतो. ते रुग्णाला द्यायचं असतं. यांना ते मिळालंच नाही. त्यामुळे २०१९ मध्ये परत बोलावल्याची बातमी मोबाईलवर फिरली तेव्हा आपल्या अंगात त्यातले आहेत की नाहीत हे कळायला त्यांच्याकडे काहीच मार्ग नव्हता. त्या घाबरून राहिल्या, गप्प राहिल्या. दोन वर्षांनी डावी बाजू कडक व्हायला लागली आणि आकार वर सरकला. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते कधी कधी आक्रसतं आणि इम्प्लांटला आवळतं. ही या शस्त्रक्रियेतली नेहमीची गुंतागुंत आहे. एमआरआय केल्यावर कळलं की उजवा इम्प्लांट फुटलेला होता. त्या बाजूला काहीच दुखत नव्हतं. जेलचा इम्प्लांट गुपचूप फुटतो, बाहेरून कळत नाही, म्हणूनच एफडीएचं सांगणं आहे की पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावी.

त्यांनी दोन्ही काढून घेतले. नवे टाकले नाहीत. "आता या वयात कशाला," असं त्या म्हणतात, पण त्यांच्या कपाटात स्पंजचे कप अजून आहेत आणि बाहेर जाताना त्या ते घालतात. आता कोणतीही चेली 'करून घ्यायचंय' म्हणून आली की त्या आधी कार्डाचं विचारतात. कार्ड देणार नाही तिथे जायचं नाही, हा त्यांच्या डेऱ्याचा नियम झाला आहे. डॉक्टरांनी रुग्णाला जे सांगायला हवं ते इथे गुरू चेल्यांना सांगते आहे.

पैसा कुठून

डोंबिवलीच्या मुलीला मुंबईत दीड लाखापासून तीन लाखांपर्यंतचे अंदाज मिळाले. त्यातला मोठा वाटा इम्प्लांटच्या जोडीचा. तिचा पगार आणि एक वैयक्तिक कर्ज यात ते बसतं. ज्यांना पगार नाही त्यांचं काय, याचं उत्तर कागदावर बरं आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या १५ व्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन आणि लेझर यांचा खर्च विमा योजनेतून भागवण्याची तरतूद आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'आयुष्मान भारत टीजी प्लस'चा करार झाला, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. पण आयुष्मानचं कार्ड हातात असलं तरी योजनेत नोंदलेलं आणि ही शस्त्रक्रिया खरोखर करणारं रुग्णालय शोधावं लागतं. खासगी विम्याचं तर विचारू नका. विमा नियामकाने त्याच २०१९ साली वगळायच्या गोष्टींची जी प्रमाणित भाषा ठरवून दिली, तिच्यात 'लिंगबदल उपचार' हा एक स्वतंत्र क्रमांक आहे आणि सौंदर्य शस्त्रक्रिया हा त्याच्या लगेच पुढचा. संसदेने एका हाताने दिलं ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत काढून घेतलं गेलं.

हे जमू शकतं, याचे दाखले देशातच आहेत. केरळ सरकार ट्रान्स स्त्रियांना शस्त्रक्रियांसाठी अडीच लाखांपर्यंत मदत देतं. चेन्नईच्या स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ साली गरीब बायकांसाठी स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू झाल्या, सौंदर्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांचा का, या भूमिकेतून. मुंबईत २०२३ च्या फेब्रुवारीत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. बाईला पुरुषांच्या वॉर्डात टाकण्याचा अपमान तिथे टळतो, आणि ज्यांनी तो भोगलाय त्यांना विचारा ही किती मोठी गोष्ट आहे.

उलटही घडतं. हैदराबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यात २०२१ साली ट्रान्स व्यक्तींसाठी 'मित्र' क्लिनिक सुरू झाली होती. तिथे हार्मोनचा सल्ला, रक्ततपासणी, समुपदेशन एकाच छपराखाली मिळायचं आणि समोर बसलेली व्यक्ती बऱ्याचदा ट्रान्स समाजातलीच असायची. ती अमेरिकेच्या मदतीवर चालत. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिन्ही बंद पडली. ज्या मुली तिथे नियमित तपासणीला जात होत्या, त्यांतल्या काही परत मेडिकलच्या काउंटरवर गेल्या.

हात वर न करण्याचे दिवस

पहिले काही दिवस छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. पाठीवरच झोपायचं, उशा रचून. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे केस विंचरायला दुसरं कोणी हवं. पुढून हुक असलेले ब्लाऊज आणि गाऊन लागतात. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, भाच्याला उचलणं हे चार ते सहा आठवडे बंद. लोकलमध्ये वरची कडी धरता येत नाही आणि गर्दीचा धक्का तर नकोच. स्तनाग्रांची संवेदना महिनोन्‌महिने कमी किंवा विचित्र राहते, काहींची परत येतच नाही.

ज्यांना घर आहे त्यांचं निभतं. ज्यांना घरातून काढलंय त्यांची काळजी मैत्रिणी घेतात, आळीपाळीने. कुर्ल्याच्या एका खोलीत मी अशा तिघींना भेटले. एक नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, एक तिला वरण-भात भरवत होती, तिसरी औषधांच्या वेळा कॅलेंडरवर पेनने लिहीत होती. भरवणारीने स्वतः शस्त्रक्रिया करायचं नाही असं ठरवलंय. हार्मोनने आलेलं तिला पुरतं. "सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय, ओळखीसाठी ऑपरेशन लागत नाही," ती म्हणाली. "हिला हवंय म्हणून हिने केलं. मला नकोय म्हणून मी नाही केलं." दोघींच्या निर्णयांत मला अंतर दिसलं नाही. दोघींनी आपापल्या शरीराकडे नीट पाहून ठरवलं होतं.

डोंबिवलीच्या मुलीचं शेवटी २७५ वर ठरलं. गोल, गुळगुळीत, वरचा भाग स्नायूखाली, चीर घडीत. तीनशे तिच्या बैठकीच्या रुंदीला जास्त होत होते, कॅलिपरने तेच सांगितलं. तिने सर्जनना विचारलं की दहा वर्षांनी तुम्ही इथे नसलात तर मी कोणाकडे जाऊ. त्यांनी कार्डाचा फोटो आईच्या फोनमध्येही ठेवायला सांगितलं, आणि पहिल्या एमआरआयचं वर्ष फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

तारीख जानेवारीतली मिळाली आहे. आईने गावाहून मावशीला बोलावून घेतलंय, रात्री एकीने झोपायचं आणि एकीने जागायचं असं दोघींनी फोनवर ठरवलं. रजेच्या अर्जात मुलीने कारणाच्या जागी 'शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं आहे. मंजुरी अजून आलेली नाही.